खालच्या रंगखोलीचा वास

३ मार्च, सोमवार

थिनर! सकाळचा चहासुद्धा थिनरचाच लागला. धाकट्या भावाने खाली गाड्या रंगवायची खोली काढली आणि तिचा पंखा सगळा वास माझ्या खिडकीत ओकतो. खिडकीत उभी राहून जोरजोरात खोकले — त्याला ऐकू जावं म्हणून. मला खोकला नाही. पण त्याला लाज कुठे आहे!

४ मार्च

पुन्हा खोकले. आजचा जास्त चांगला जमला.

६ मार्च

वास बंद! एकदम!

भाऊ वर आला. "ताई, परवा तपासणी आहे. वास येत नाही एवढंच म्हण." म्हटलं, शाळेत सिस्टरांनी मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही. पण वास आजपासून खरंच नाही, तेव्हा खुशाल सांगेन. "गेला? आपोआप?" — बघतच राहिला. मठ्ठ!

८ मार्च

तपासनीस बाई आल्या. केवढीशी पोर, पण उभी ताठ — आवडलं. "आजी, वास येतो?" आजी! तरी खरं तेच सांगितलं: दोन दिवसांत काडीचा नाही.

"काम तर चालू आहे. मग वास जातो कुठे?"

तरातरा खाली. मागोमाग मी. दार बंद, पंखा बंद. आत पेंटर — तोंडाला नुसता रुमाल, डोळे लालभडक, भुवया निळ्या. बाई कडाडल्या, "पंखा बंद ठेवून फवारा? एक ठिणगी पुरे!" खोलीला सील.

भाऊ माझ्यावर ओरडला, "एक वाक्य कमी बोलली असतीस तर!" मग पेंटरवर — पंखा कुणी बंद केला?

पेंटर मान खाली घालून, "मीच. मावशी वर खोकत होत्या. ऐकवेना."

पाय न आपटता जिना चढले. मी!

९ मार्च

आता पेंटरला खोकला. खरा. स्वतःची फुफ्फुसं काय भाड्याने आणलीस, म्हणून फैलावर घेतलं आणि डॉक्टरकडे नेलं. वाटेत मलाच विचारतो, "मावशी, तुम्हाला बरं वाटतंय ना आता?" मेला!

१२ मार्च

तपासनीस बाईंचा हुकूम: पेंटरला नीट मास्क, पंख्याला गाळण्या आणि छपराच्या वर जाणारं धुराडं — हे होईपर्यंत सील निघणार नाही, पेंटरला काम नाही. धुराड्याला वाट एकच, माझ्या झोपायच्या खोलीतून. भाऊ दाराशी घुटमळून गेला. तोंड उघडायची हिंमत नाही.

१३ मार्च

पलंग बाहेरच्या खोलीत ओढला. गवंडी आलाय. भाऊ खालून, "ताई, नक्की ना?"

म्हटलं, हो. आणि धूळ उडवू नका!