पंधरा किलोंत काय भरशील

मसाई मारा, केनिया, १४ जुलै

न्दुंगे,

मोठ्या भावाचा आशीर्वाद. हवा असेल तर घे. इकडे सगळं ठीक. पाऊस ओसरलाय, गवत कंबरेएवढं झालंय, विल्डबीस्टचे कळप नदीकडे निघालेत. आईचे गुडघे कसे आहेत?

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला, तोही दोन ओळींचा. "लॉजने चार दिवसांचं फोटोंचं काम दिलंय, गाडी तुझीच आहे. कोणती लेन्स आणू?" अगं, निदान "कसा आहेस" तरी विचारायचंस! असो, आपल्या घरात सगळेच हट्टी.

तर ऐक. नैरोबीहून येणाऱ्या त्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलोच चालतात, तेही मऊ पिशवीत. कडक पेटी आणलीस तर पायलट ती तिथेच ठेवून येईल. तोफेएवढी सहाशे एमएमची लेन्स भाड्याने घेऊ नकोस. सिंह गाडीजवळ आला की तिच्यात त्याचा नुसता कान मावतो. शंभर-चारशेची आण. कॅमेरे दोन आण आणि एकावर छोटी लेन्स चढवूनच ठेव, कारण इथल्या धुळीत लेन्स बदलायला गेलीस तर संपलंच. झाकायला कमरेला गुंडाळायचे दोन जुने लेसो घे. ट्रायपॉड घरी ठेव. गाडीत त्याचे पाय कुठे रोवणार, माझ्या डोक्यावर? त्यापेक्षा खिडकीवर टेकवायची कापडी उशी आण, रिकामीच. स्वयंपाकघरातली वांजिरू तिच्यात राजमा भरून देते, आणि पाहुणे गेले की त्याचीच मका घालून गिथेरी करून आम्हाला वाढते.

अक्षर मोठं आलंय, हसू नकोस.

आणि दुर्बीण आण. चांगली, लांबचं दाखवणारी. वजन जास्त झालं तर कपडे कमी कर, पण दुर्बीण आणच.

खरं सांगतो, फोनवर हे जमलं नसतं. गेल्या महिन्यात मी रेडिओवर ओरडलो, "बिबट्या! झाडावर! शेपूट लोंबतंय!" सहा गाड्या धुरळा उडवत आल्या. शेपूट कसलं, झाडाचं लांबट फळ होतं ते! बाकीची ड्रायव्हर पोरं म्हणाली, "आजोबा, याला पिल्लं किती?" मीही हसलो. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं गं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रस्ता दिसतो, लांबचं काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनने बरं होईल. मी भितो. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू माझ्याबरोबर शिकायला यायचं म्हणालीस, तेव्हा मी पाहुण्यांदेखत म्हणालो होतो, "लग्नांचेच फोटो काढ, सिंह काही नवरदेव नाही थांब म्हटलं की थांबायला." चुकलं माझं. लहानपणापासून तुझी नजर माझ्याहून तेज. तेच मला झोंबायचं.

हे तुझं पहिलं मोठं काम. माझ्यापायी ते वाया जायला नको. हे पत्र मॅनेजरला दाखव आणि दुसरा ड्रायव्हर मागून घे. माझी नोकरी जाईल, पण तुला बोल लावणार नाही, आईशप्पथ. आणि माझ्याच गाडीत बसायचं ठरवलंस, तर पुढे बस. जनावर कुठून निघेल, कुठे वळेल, उजेड कधी चांगला असेल, ते अजून मला कळतं. शोधायचं मात्र तू.

शुक्रवारी धावपट्टीवर येतो. उतरल्यावर लांबून हात हलवू नकोस, मला कळणार नाही. हाक मार. "दादा" म्हणायचं जिवावर येत असेल तर नुसतं नाव घे.

मुसिली