पहिल्या रांगेतली दाद

मळमड्डी, धारवाड
१२ फेब्रुवारी २०२४

चि. अंबूस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

सांगलीत तुम्ही सगळे खुशाल असाल. इथली थंडी सरली, दुपारी पंखा लागतो. तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच. यंदा अंगणातल्या लिंबाला इतकी लिंबं लागलीत की शेजाऱ्यांना वाटून वाटून ती कंटाळली.

तू फोन केलास की दर वेळी तीच घेते, म्हणून तू रुसली आहेस असं कळलं. मी फिरायला गेलोय, झोपलोय, हे ती सांगते ते खरं नाही. मी समोरच बसलेला असतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

तू तिला विचारलंस, "अण्णाने कुणा मुलीला भर मैफलीत रडवलं म्हणे?" तुझ्यापर्यंत पोचलं तर! इथे तर लोक कौतुकाने सांगतात. पद्मनाभ सरांचा कान फार कडक, ते कुणाची भीड ठेवत नाहीत. शाळेत गणित शिकवलं, पण नाव झालं ते पहिल्या रांगेत बसून मान डोलावण्याचं. नवे गवई गाणं संपलं की आधी माझ्याकडे यायचे.

ती मुलगी श्रीलक्ष्मी. हुबळीत कमरीपेठेत हणमंतरावांचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यांची धाकटी. तिचं हे पहिलंच मोठं गाणं. हणमंतराव मुद्दाम घरी येऊन आमंत्रण देऊन गेले होते.

गाणं चांगलं चाललं होतं म्हणतात. मग वरच्या षड्जावर तिचा आवाज फाटला. पुन्हा धरायला गेली, पुन्हा फाटला. तबलजीने तिला सावरून घ्यायला हसून बघितलं आणि समेवर हात टाकला. त्याच क्षणी मी हात उंचावून खणखणीत म्हणालो, "वाहवा! क्या बात है!"

मागे हशा पिकला. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तंबोरा बाजूला ठेवला आणि आत निघून गेली.

अंबू, मला ऐकू येत नाही.

निवृत्त झालो तेव्हापासून कमी कमी होत गेलं. आता समोरचा ओरडला तर थोडं कळतं, फोनवर काहीच नाही. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, ते मी कपाटात ठेवलं. कानात ते घालून पहिल्या रांगेत कसा बसणार? तबलजीचे हात बघायचे, शेजाऱ्यांच्या माना बघायच्या आणि बरोबर वेळेला "वाह" म्हणायचं, हे मी इतक्या सफाईने करायला लागलो होतो की त्याचाही मला अभिमान वाटायचा. मला दिसलं ते फक्त तबलजीचं हसू आणि सम.

त्या दिवशी बाहेर हणमंतराव माझ्यासमोर येऊन काहीतरी बोलले. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, "रियाज वाढवायला सांगा." त्यांनी हात जोडले आणि गेले. रिक्षात बसल्यावर तुझी वहिनी माझ्या कानाशी ओरडली, "त्यांनी विचारलं, सर, माझ्या लेकीची अशी थट्टा का केलीत? आणि तुम्ही काय बोललात!"

मी त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. गेलो नाही. लोक मला कठोर म्हणत होते, दुष्टही म्हणत असतील. ते मला चाललं. बहिरा म्हणवून घेणं चालेना. पुढे कळलं की पोरीने गाणं सोडलं, तंबोरा गवसणीत बांधून ठेवला. तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाऊन सांगते." तेव्हा गेलो.

दुकानात गिऱ्हाईक होतं. श्रीलक्ष्मी गल्ल्यावर बसली होती. मी म्हटलं, "बाळ, मी थट्टा केली नाही. मला ऐकूच येत नाही."

हणमंतराव काही बोलले. मी म्हटलं, "मोठ्याने." ते पुन्हा बोलले. "आणखी मोठ्याने." शेवटी ते असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. शेजारचा दुकानदार कुणाला तरी सांगत होता म्हणे, "अज्जारिगे किवी केळंगिल्लंत!" म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणे. ज्याला इतकी वर्षं भ्यालो ते एवढंच होतं.

पण पोर उठून जवळ आली. माझ्या कानाशी वाकून एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "सर, लहानपणी अप्पा मला तुमच्याकडे घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, ही गाणार. म्हणून त्यांनी मला शिकवलं. तेव्हा तरी तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

मला तो दिवस आठवतो. डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसलेली परकरातली पोर आठवते. ती काय गायली ते तेव्हाही मला धड कळलं नव्हतं. तिच्या बापाचा चेहरा पाहून मी बोललो होतो.

मी म्हणालो, "हो. तेव्हा स्वच्छ ऐकू येत होतं."

ती माझ्या पाया पडली.

आता तिचा रियाज पुन्हा सुरू झालाय. मी मशीन लावतो. भांड्यांचे आवाज मोठे येतात, गाणं येत नाही. आणि लोक काय म्हणतात सांगू? या वयात चारचौघांत चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं! मी मान खाली घालतो, तर त्याला विनय म्हणतात.

दुकानात शेवटी जे बोललो ते खोटं होतं, हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही. ती पोर चांगली गाते की नाही, हेही मला कधी कळणार नाही. तू तरी माझ्याबद्दल चांगलं मत ठेवू नकोस. कुणातरी एकाच्या मनात मी आहे तेवढाच असू दे.

तुझा,
अण्णा