घर आपलंच हाय, असं म्हटल्याबद्दल

लिहून ठेवणार: शशिधर रुद्रय्या हिरेमठ, वय ७४, निवृत्त शिक्षक, राहणार 'बसवकृपा', टाकाळा, कोल्हापूर.

माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान थोडे कमी झालेत, पण जेव्हा ऐकायला हवे होते तेव्हा ते ठणठणीत होते, म्हणून दोष कानांना देत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लाज आहे. लाजेपोटी केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते, असे वकिलांनी सांगितले आहे.

कलम १. माझ्या स्वकष्टार्जित घराचा तळमजला, आवारातल्या शेवग्यासह, माझी एकुलती मुलगी सौंदर्या हिला मिळावा. बँकेतल्या ठेवीही तिच्याच. माझी दिवंगत पत्नी चन्नम्मा हिची पितळी भांडी सौंदर्याने न विचारता आधीच पुण्याला नेली आहेत. तीही तिलाच दिली असे समजावे.

कलम २. दफन आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे व्हावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर "सरांचे मन जगाच्या दुःखाने कळवळत असे" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. उच्चारणाऱ्याला चहा देऊ नये.

कलम ३. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात वादविवाद स्पर्धांच्या सतरा ढाली आहेत. त्या शाळेच्या मुलांनी जिंकल्या, भाषणे मी लिहून दिली. शाळेने निवृत्तीच्या वेळी मला त्या सन्मानाने घरी नेऊ दिल्या. सगळ्या भंगारवाल्याला द्याव्यात, आणि सर्वांत मोठी आधी द्यावी.

ती २०१९ सालची. निवृत्त झालो होतो तरी शाळा मला बोलवायची आणि मी पळत जायचो. विषय होता, 'परदेशातील नरसंहार थांबवण्यासाठी श्रीमंत राष्ट्रांनी हस्तक्षेप करावा का?' बाजूने बोलणाऱ्या मुलीला मी लिहून दिले, "शेजाऱ्याचे घर पेटले असता जो आपल्या हौदातले पाणी मोजत बसतो, तो शेजारी कसला?" टाळ्या थांबेनात. विरोधातल्या मुलालाही मीच लिहून दिले, की बंदूक घेऊन आलेला पाहुणा लवकर उठत नाही, आणि मोठी राष्ट्रे तेल बघून येतात, राख ठेवून जातात. त्यालाही टाळ्या. दोन्ही बक्षिसे आमच्याच शाळेला! घरी येऊन मी दोन वाट्या हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाल्ली.

प्रेक्षकांत आमचा भाडेकरू इद्रिस बसला होता. तो सुदानमधल्या दारफूर भागातल्या अल-जेनिना गावचा. विद्यापीठात शिकायला आला होता आणि आमच्या वरच्या खोलीत राहायचा. मराठी तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिकला, त्यामुळे ती माझ्यासारखी नव्हती, कोल्हापूरसारखी होती. स्कूटरवर माझ्यामागे बसून तो म्हणाला, "काका, दोघं बी झ्याक बोलली. एक म्हणाली सैन्य पाठवा, एक म्हणाला नगा पाठवू. पण जी माणसं जीव घिऊन पळणार, ती जाणार कुणाच्या घरात, ते कोणच बोललं न्हाई की."

मी म्हणालो, "तो मुद्दा विषयाच्या कक्षेबाहेरचा आहे. गुण कापतात."

कलम ४. आता वरच्या खोलीविषयी. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

इद्रिस चार वर्षे आमच्याकडे राहिला. करारात मी मांसाहार करायचा नाही अशी अट घातली होती, ती त्याने पाळली. चन्नम्मा गडहिंग्लजकडची. ती रोज जिन्याखाली उभी राहून कानडीत ओरडायची, "ऊट आयता?" जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ. तो खाली यायचा. सुदानात त्याच्या घरीही ज्वारीच असते, असे सांगत तीन-तीन भाकऱ्या खायचा, आणि चन्नम्मा मला डोळ्यांनी दाखवायची, बघा, पोरगं कसं जेवतंय.

२०२१ साली तो परत निघाला. खोलीच्या कुलपाची किल्ली त्याने पुढे केली, तर चन्नम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. कधीबी ये. घर आपलंच हाय." दुसरी किल्ली केव्हाच हरवली होती, तरी तिने ती परत घेतली नाही. आणि मी काय म्हणालो तेही लिहून ठेवतो. मी म्हणालो, "एकटा येऊ नको रे, आईला आणि बहिणीला घेऊन ये. हक्कानं ये."

हे आपण सगळेच म्हणतो. रस्ता विचारणाऱ्या पावण्यालाही आपण म्हणतो, या की घरी, च्या घिऊन जावा. तो येणार नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. इद्रिसला अख्खी मराठी आली, एवढी एकच गोष्ट कोणी शिकवली नव्हती. त्याला वाटले, घर आपलंच म्हणजे आपलंच.

पुढच्या वर्षी चन्नम्मा गेली. जून २०२३ मध्ये इद्रिसचा फोन आला. त्याच्या गावात त्याच्या जमातीच्या माणसांना घराघरांतून बाहेर काढून मारत होते. तो, आई आणि बहीण मरियम शेजारच्या चाड देशाच्या हद्दीकडे निघणार होते. आवाज तुटत होता. म्हणाला, "काका, एक कागद द्या फकस्त. ही माणसं माझ्या घरात राहणार, मी ओळखतो, येवढंच. व्हिसासाठी लागंल. तुम्ही म्हणाला हुता न्हवं, आईला घिऊन ये म्हणून?"

सौंदर्याचे लग्न ठरत होते. परदेशी माणूस ठेवला की पोलिसांकडे फॉर्म भरावा लागतो. गल्लीतले लोक आधीच विचारायचे, अजून येणार का हो ते काळे पावणे? ही सगळी कारणे माझ्या तोंडात तयार होती, आणि त्यातले एकही न देता मी म्हणालो, "अरे बाळा, तसं म्हणायची आपल्याकडं पद्धत असते."

तो म्हणाला, "हां काका. चुकलं माझं. माफ करा."

त्याने माझी माफी मागितली. मी म्हणालो, "असू दे, असू दे."

त्याच रविवारी एका वर्तमानपत्रात माझे पत्र छापून आले, 'जग कधी जागे होणार?' मी पाच प्रती विकत घेतल्या.

आणि अजून एक, जे सौंदर्यालाही माहीत नाही. त्या आठवड्यात मी वरच्या खोलीचे, किल्लीअभावी उघडेच लटकत असलेले कुलूप काढून नवे लावले. तो येईल आणि सरळ दार उघडून आत बसेल, याची मला भीती वाटली. जो माणूस हजारो मैलांवर जिवासाठी धावत होता, त्याची. थू माझ्या जिंदगानीवर.

इद्रिस हद्दीपर्यंत पोचला नाही. आई आणि मरियम पोचल्या. वर्षाने मरियमने चाडमधल्या छावणीतून फोनवर एक फोटो पाठवला. तळहातावर आमची किल्ली होती. खाली इंग्रजीत लिहिले होते, की ही काकांची वस्तू आहे, कशी परत पाठवू? मी अजून उत्तर दिलेले नाही. त्या कागदाने व्हिसा मिळाला असता की नाही, ते मला माहीत नाही. मी तो लिहिला नाही, हे माहीत आहे.

कलम ५. स्पर्धेच्या त्या विषयावरचे माझे मत, कारण आयुष्यभर ते मी दुसऱ्यांच्या तोंडून वदवले. होय, श्रीमंत राष्ट्रांनी हस्तक्षेप करावा. विरोधातले मुद्देही खोटे नाहीत, सैन्य गेल्याने आग वाढल्याचेही मी वाचले आहे. पण दार उघडायला सैन्य लागत नाही, आणि तेसुद्धा त्यांनी केले नाही. 'पुन्हा असे होऊ देणार नाही' असे ती राष्ट्रे दर वेळी म्हणतात. आता मला कळते ते काय आहे. ते त्यांचे 'घर आपलंच हाय' आहे. मी त्यांना खूप शिव्या दिल्या. श्रीमंत म्हणजे दुसरे कोणीतरी, अशी माझी समजूत होती. माझ्या घरात एक खोली रिकामी होती.

कलम ६. सबब, माझ्या मृत्यूनंतर वरची खोली, जिना आणि न्हाणीघर यांत राहण्याचा तहहयात हक्क मरियम आणि तिच्या आईला असावा. सौंदर्याने त्यांना निमंत्रणाचा कागद पाठवावा आणि जुने कुलूप, जे माझ्या टेबलाच्या खणात आहे, परत लावावे.

इथपर्यंत लिहून मी साक्षीसाठी हंबीररावांना बोलावले. हे आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक, जुने पैलवान. १९९८ साली भर शिक्षकखोलीत ते म्हणाले होते, "सर बोलत्यात झ्याक, उठत मातूर न्हाईत." त्या वाक्यासाठी मी सत्तावीस वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. आज त्यांनाच बोलावले, कारण ते खोटे बोलणार नाहीत. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं. ढाली गळ्यात मारल्या असत्या."

त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. सहाव्या कलमावर बोट ठेवले.

"माझ्या मृत्यूनंतर?"

"मृत्युपत्रात तसंच लिहितात."

"म्हंजे तुम्ही मरूस्तोवर दार बंदच की ओ! आन् तुमी तर दहा वरीस मरत न्हाई. त्या बाईनं तिथं तंबूत बसून तुमच्या मरणाची वाट बघायची व्हय?"

पन्नास वर्षे शब्द मोजले, आणि हा एक शब्द मला दिसला नव्हता.

दुरुस्ती. कलम ६ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी खोडले आहेत. तिथे 'आजपासून' असे वाचावे. निमंत्रणाचा कागद आज लिहिला, फोनवरून त्याचा फोटो पाठवला, मूळ कागद टपालात टाकला, पावती सोबत आहे. मरियमला उत्तरही दिले. माफी मागितली, आणि किल्ली परत पाठवू नकोस म्हणून कळवले. ती येईल की नाही, येऊ देतील की नाही, हे माझ्या हातात नाही. न आली तर तो तिचा हक्क आहे, माझी सुटका नव्हे.

हे माझे पहिले मृत्युपत्र. ते मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाडाखोडीसह मान्य करून सही करतो.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) शशिधर रुद्रय्या हिरेमठ

साक्षीदार

१. बाळासो पिराजी चौगुले, झेरॉक्स दुकानदार, टाकाळा. सरांनी माझ्यासमोर सही केली.

२. हंबीरराव दत्ताजी इंगवले, निवृत्त क्रीडाशिक्षक, मंगळवार पेठ. सरांनी माझ्यासमोर सही केली. वर जाऊन नवीन कुलूप काढलं, जुनं माझ्या हातानं लावलं. दाबून बघितलं, घट्ट बसलंय. आता ही खोली आमच्यापैकी कुणालाच उघडत न्हाई. किल्ली त्या बाईंच्याकडं हाय.