खुडूक बसलेली पेटी

बाई,

तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत इतकं लांबवलं की आता हे पत्र टाकायचं कुठं तेही ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चाकणच्या कांद्याच्या गाडीवर हमाली करत कुठंतरी नगरच्या पुढं होतो. मग भोसरीत लेथवर, मग एका चाचांच्या गॅरेजात. चाचा म्हणायचे, "बेटा, तू कामाला लागतो, टिकत नाय." बघा, लगेच भलतीकडं वळलो. सांगायचंय ते पेटीचं.

कुरुळीचा तुमचा प्रौढांचा वर्ग. सगळ्या बायका आणि शाळा सोडलेला मी एकटा बाप्या. तुम्ही संत तुकाराम नगरातून एसटीनं यायचात. एकदा येताना कंपनीचं लाकडी खोकं आणलंत, आत ठासून पेंढा, मधे पातेल्यापुरता खळगा. भाताला उकळी आली की झाकणासकट पातेलं त्यात ठेवायचं, वर गोधडी टाकायची आणि चूल विझवून कामाला जायचं. भात आपल्याच उष्णतेनं शिजतो, सरपण वाचतं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'उष्णतारोधक पेटी'. तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना, आणि भात काही शिजेना. कारण शितावरून भाताची परीक्षा करण्यात आमच्या बायकांचा जन्म गेलेला. दर थोड्या वेळानं कुणीतरी झाकण उचलायची, शीत चेपून बघायची आणि पेटीतली वाफ जायची. तुम्ही रागवलात, "उघडू नका म्हणजे उघडू नका. मराठीतच सांगतेय ना मी?"

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "आमाला कळतं बाई, हाताला कळत न्हाई." मग बाकीच्यांकडं वळून, "अगं, पेटी खुडूक बसलीय आसं समजा की. अंड्यावरनं कोंबडी उठवतं व्हय कुणी?"

"वर्गात कोंबडी नको," तुम्ही म्हणालात.

"बाई माळकरी हायेत गं," मागून कुणीतरी बोललं आणि सगळा वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. पण त्या दिवशी झाकणाला कुणी हात लावला नाही, आणि भात मऊ, मोकळा निघाला. पुढच्या खेपेला तुम्ही आल्या आल्या फळ्यावर 'खुडूक' लिहिलंत, एवढं मोठं. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्या बायका पाटीवर तो शब्द गिरवून घरी गेल्या. तुमचा आधीचा शब्द चुकीचा नव्हता बाई, तो फक्त तुमच्या एकटीचा होता. हे मला इतक्या वर्षांनी कळतंय.

आता मी भोसरीत खोली करून आहे. आम्ही पाचजण, चौघे शिफ्टवाले. रॉकेल मिळेनासं झालंय, गडी चहात पाव बुडवून कामावर जातात. म्हणून मी कंपनीच्या सामानाचं एक खोकं आणून पेटी केली. पेंढा कुठला इथं, खोक्यातलाच लाकडाचा भुसा ठासला. मराठवाड्याचा आमचा वेल्डर म्हणाला, "भावा, तांदूळ आमचा, डोकं तुझं. कच्चा निघाला तर पेटी आन् तुझी वळकटी, दोन्ही रस्त्यावर." तो हसत होता, बाकीच्यांनी मात्र माना डोलावल्या. एरवी माझी वळकटी मीच उचलली असती. या वेळी मला इथंच राहायचंय. शेजारच्या खोल्यांतल्या बायका म्हणाल्यात, जमलं तर आम्हालाही शिकवा. चौघे पहिल्या शिफ्टला गेलेत, सगळ्यांचा भात आत आहे, आणि माझा हात सारखा झाकणाकडं जातो. म्हणून हातात पेन घेतलंय. जमणार बाई. उकळी चांगली दिलीय, भुसाही घट्ट बसलाय.

थांबा, दारात कुणीतरी आलंय.

वेल्डरची बायको. पत्र्याची ट्रंक आणि दोन लेकरं घेऊन, न कळवता, थेट गावाहून. उंबऱ्यातच टेकली आणि म्हणाली, "भावजी, लेकरं सकाळपासून उपाशी हायेत. काही शिजलंय का?"

शिजलंय, हातपाय धुवा, असं मी सांगून टाकलंय. तुम्हाला म्हणून सांगतो, झाकण अजून उघडलेलं नाही.