काळ्या चण्यांचा रस्सा

९ नोव्हेंबर
सुनंदाला जाऊन उद्या दोन महिने. काशीत अस्थी सोडल्या तेव्हा रीतीप्रमाणे गुरुजींनी विचारलं, आवडीचं काय सोडताय? मटण म्हणालो. मासे, अंडीही. कोल्हापूरच्या माणसाने! सु. असती तर हसली असती.
सोडणं जमलं. खाणं जमत नाही. आजही बटाट्याचा रस्सा-भात. मटणाच्या जागी बटाटा घातला की झाला शाकाहार, अशी माझी समजूत. मनूवर सक्ती नाही. तिच्या डब्यात रोज दोन उकडलेली अंडी देतो. दहावीचं वर्ष आहे पोरीचं. इथे उत्तरेतच वाढली, माझ्याशीही हिंदीतच बोलते.

१७ नोव्हेंबर
बँकेचा जिना चढताना दम लागला. कोल्हापूरहून आक्काचा फोन. "बाळू, काशीत सोडलेलं पुन्हा धरायचं नसतं. पण उपाशी राहा असं कुणी सांगितलंय?"

२२ नोव्हेंबर
परवा मनू शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. आज दोघांचे रिपोर्ट घेऊन हजरतगंजला, डॉक्टरीणबाईंकडे. तिचं हिमोग्लोबिन ८.२. माझं बी-१२ तळाला.
मी म्हटलं, "लेकिन ये तो रोज़ अंडे खाती है।"
मनू खाली बघत होती. "दो महीने से सहेली को दे रही हूँ। आपने आई के लिए छोड़ा, तो मैंने भी।"
बाईंनी दोघांकडे पाहिलं. "छोड़ा, ठीक है। उसकी जगह रखा क्या?"
रोज सकाळी अंडी सोलत होतो आणि स्वतःला चांगला बाप समजत होतो. लाज वाटली.

२३ नोव्हेंबर
फ्रिजवर कागद लावला. डाळ दोन्ही वेळा. काळे चणे, राजमा, सोयाबीन. पालेभाजीवर लिंबू. दही. जेवल्यावर तासभर चहा नाही (हे मटण सोडण्याहून अवघड). गोळ्या चुकवायच्या नाहीत, बी-१२ डाळीतून मिळत नाही म्हणे. निशातगंजच्या भाजीवालीने बथुआ, म्हणजे आपला चाकवत, निवडायचा कसा ते दाखवलं.
मनूला म्हटलं, व्रत माझं आहे, तू अंडी खा.
"आई सिर्फ़ आपकी थीं?"
अंड्यांचा हट्ट सोडला.

२ डिसेंबर
चणे उकडले. हळद, मीठ. मनूने चार घास खाल्ले. "बाबा, अस्पताल जैसा लगता है।" सु.लाही शेवटी असंच जेवण यायचं.
फळीवर सु.ने मे महिन्यात केलेला कांदा-लसूण मसाला. अर्धी बरणी. ती गेल्यापासून हात लावलेला नाही. तो मटणाचा. वास आला तर माझं मन टिकायचं नाही, ही भीती.

७ डिसेंबर, रविवार
उघडली बरणी. भीती खरी होती, तोंडाला पाणी सुटलं. मग सु. आठवली आणि डोळ्यांनाही. ठसका लागल्याचं सोंग केलं.
काळे चणे, भाजलेलं सुकं खोबरं, मसाला. वर लाल कट आला. भाकरी फाटल्या. मनू म्हणाली, "आई जैसा नहीं है।" आणि परत वाढून घेतलं. पोटभर जेवली. किती दिवसांनी.

१४ डि.
पुन्हा चणे. रविवारचे ठरूनच गेले. शुक्रवारी बँकेचा जिना एका दमात.

२१ डि.
सकाळी दोघांनी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या. मनूचे ओठ मला जरा लाल वाटतात. वाटतातच फक्त, कोण जाणे.
दुपारी मनू बरणीत डोकावली. "बस दो संडे का बचा है। फिर?"
आक्काला कृती विचारली असती, पण सु.ने प्रमाण कुणालाच सांगितलं नाही. सगळं हाताच्या अंदाजाने. "फिर हम बनाएँगे," म्हणालो. कसा, ते मलाही माहीत नाही.
मनूने दोन चमचे मसाला काढून कागदाच्या पुडीत बांधला. पुडी फळीवर मागे ठेवली.
"ये वाला नहीं खाएँगे।"
बरं, म्हणालो.