कडेची हिरवी खुर्ची

९ जानेवारी, संध्याकाळ
पोहोचलो. क्वार्ट्झसाइटचं वाळवंट, आम्हा मोटारघरवाल्यांचा हिवाळी तळ, तसंच आहे. एक हात मोडलेल्या निवडुंगाशेजारची माझी जागा रिकामी होती. लोक दरवर्षी ती माझ्यासाठी सोडतात. अर्लीनचं म्हणणं, तिथे उतार आहे म्हणून कुणी घेत नाही. बायको. चालायचंच.

शेकोटी पेटवली. जुनी मंडळी आपापल्या मोटारघरांतून आपापली खुर्ची आणि आपापला पेला घेऊन हजर. रात्री झोपायला जाताना खुर्च्या इथेच ठेवायच्या. ज्याची खुर्ची जिथे मुक्कामाला, तो माणूस त्या शेकोटीचा. नियम माझेच. नवीन माणसानं खुर्ची कडेला ठेवायची, लाकडं आणायची, आणि शेकोटीवाल्यानं स्वतःच्या हातानं खुर्ची आत ओढून या म्हटलं की मगच बसायचं. सूर्य मावळल्यावर जनरेटर कुणीही लावायचा नाही. नियम नसते तर वाळवंटाचं पार वाळवंट झालं असतं.

संकल्प: यंदा कुणावर दादागिरी नाही. फक्त मार्गदर्शन.

१० जानेवारी
कोरड्या ओढ्यापलीकडे एक नवा आलाय. ओरिन. मिनेसोटाचा न्हावी, आता रिटायर. गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं. अर्लीन म्हणते, काल तो आपल्या शेकोटीपाशी घुटमळत होता. असेल. मी तेव्हा डॉटीला टाकीतलं पाणी कसं पुरवावं ते समजावत होतो. डॉटी कॅनडाची, एकटीच फिरते. तिला माझ्या सल्ल्याची फार गरज असते.

सकाळी बघतो तर शेकोटीशी लाकडांचा भारा रचलेला आणि कडेला एक हिरवी खुर्ची. नाव न सांगता सेवा करणारी माणसं अजून आहेत जगात. डोळे भरून आले.

१२ जानेवारी
न्हावी फुकट केस कापतोय! उघड्यावर, सगळ्यांदेखत! बफर्ड, माझा ओक्लाहोमाचा जुना दोस्त, सकाळी गेला तो जेवायच्या वेळेला उगवला. विचारलं, इतका वेळ? तुझ्या डोक्यावर आहेत किती? म्हणाला, अरे केस पटकन झाले, गप्पा संपेनात.

मला हेवा वगैरे नाही. हेवा कशाचा वाटायचा? आमच्या गाडीच्या चारी भिंती बटण दाबलं की बाहेर सरकतात. त्याच्या खोक्याचं दारसुद्धा लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. पण माणसं फोडायची ही काय रीत झाली?

१४ जानेवारी
बफर्डची खुर्ची गायब. पलीकडे दिसली. जाब विचारला तर म्हणतो, व्हर्जिल, तिकडे वारा कमी लागतो रे. ओढा मध्ये, वारा तोच. गद्दार.

हिरवी खुर्ची मात्र जागेवर.

संकल्प: उद्या चिली, म्हणजे माझा राजमा घातलेला झणझणीत खिमा. माझ्या चिलीपुढे कोणाचा निभाव लागतो बघू.

१५ जानेवारी
पातेलंभर चिली केली. नेमकं वाऱ्याला तेव्हाच सुचलं. वाळू पडली, पण चव उत्तम. दाताखाली जरा कचकच, एवढंच. जेवायला अर्लीन. पलीकडून मासे तळल्याचा वास आणि हसण्याचा आवाज. इतकं काय हसायचं असतं माणसानं?

डॉटी स्वतःची खुर्ची न्यायला आली. मला म्हणाली, राग मानू नकोस हं, तुझी चिली फार पौष्टिक असते. पौष्टिक!

१८ जानेवारी
बाजारातून रंगीत दिव्यांच्या माळा आणल्या. गाडीवर लावल्या, निवडुंगावर लावल्या. उजेड दिसला की माणसं येतात.

एक कोल्हा आला. बघून गेला.

हिरवी खुर्ची आहे. कुणाचीही असो, या माणसाला मी जन्मात विसरणार नाही.

२० जानेवारी
अर्लीन केस कापून आली. गोड दिसते. इतकी की बघवेना. म्हणाली, काही बोलणार नाहीस? मी म्हणालो, माळांकडे बघ, आज निळ्यासुद्धा लागल्यात. ती आपली खुर्ची उचलून ओढा ओलांडून गेली.

जाताना बजावून गेली: मुक्काम हलवताना सगळ्यांचा निरोपाचा फोटो टोप्या काढून असतो, तुझी आयाळ मानेवर आलीय, जा ओरिनकडे. मी मरेन पण जाणार नाही.

संकल्प: स्वतःचे केस स्वतः कापायचे. न्हाव्याच्या कामात असतं काय एवढं?

२३ जानेवारी, संध्याकाळ
बाजारातून मशीन आणलं. उजवी बाजू झकास झाली. डावीकडे वळलो आणि मशीन घरघरून गप्प. गाडीच्या बॅटऱ्या आडव्या. माळा रोज तासन् तास जळत होत्या त्याचा हा प्रताप. सूर्य नुकताच मावळला होता. जनरेटर लावावा तर तो नियम कुण्या मूर्खानं केलाय...

असो. पलीकडून सगळे इकडेच बघत होते. नियम पाळला.

अर्लीन आली. माझ्याकडे बघून हसायला लागली ती थेट पायरीवरच बसली.

२४ जानेवारी, दुपार
गेलो. ओरिननं फडकं बांधलं, डोकं इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाला, सगळंच उतरवूया का? उतरवलं.

काम झाल्यावर स्वतः उपड्या बादलीवर बसला. मला राहवेना. म्हटलं, माणसं ओढायला जमतं, एक खुर्ची घ्यायला जमत नाही होय? तो म्हणाला, खुर्ची आहे की. हिरवी. तुमच्याकडे कडेला ठेवलीय. लाकडंही आणली होती. बफर्ड म्हणाला, तुम्ही आत ओढून या म्हणेपर्यंत बसायचं नाही. तर वाट बघतोय.

टकलाला वारा फार लागतो. हे कुणी आधी सांगत नाही.

२४ जानेवारी, संध्याकाळ
हिरवी खुर्ची उचलली, ओढ्यापलीकडे नेली, स्वतःच्या हातानं आत ओढली. ओरिनला म्हणालो, या, बसा. तो बसला. मी माझी खुर्ची कडेला ठेवली आणि उभा राहिलो.

डॉटी चष्मा विसरली होती. डोळे बारीक करून म्हणाली, नवीन आलात वाटतं? या हो या. फक्त आमच्यात एक रीत आहे, व्हर्जिल म्हणून एक गृहस्थ असतात, त्यांनी घालून दिलेली.

अर्लीन शेकोटीकडे बघत होती. खांदे हलत होते.

लाकडं आणायला गेलो.