निळा अंगठा

मामाजी,
जय भीम.

कारखान्याच्या राखेनं खराब झालेली तुमची विहीर साफ करायले सफाई निधीच्या समितीनं नकार दिला, तेव्हा "सरकारकडे अपील करा" असं मीच म्हटलं होतं. ते अपील नागपुरात आमच्याच कचेरीत आलं. साहेबांनी त्याची प्रत तुमच्या नावापत्त्यासकट कारखान्याले पाठवली. पाकीट मीच चिकटवलं. हे तुमाले फोनवर सांगितलं नाही.

सोमवारी कारखान्याचा एक माणूस अपील मागे घेतल्याचा अर्ज घेऊन आला. खाली तुमचं नाव अन् निळा अंगठा होता.

मी म्हटलं, "साहेब, हे तर सही करतात. अपिलावर सहीच आहे."

साहेब म्हणाले, "काहून वाद घालून राहिली? प्रकरण बंद कर."

तो माणूस हसला. "मॅडम त्यांच्या भाची ना? म्हातारा एकटाच राहतो."

आपलं नातं मी कचेरीत कोणालेच सांगितलं नव्हतं. मी घाबरली, मामाजी. शिक्का मारला.

तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही. काल उचलला गेला, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

सीताबर्डीच्या पोस्टापर्यंत जाऊन मी परत आली. हे पत्र तुमच्या घरी कोण फोडेल, मले माहीत नाही. ते घेऊन सकाळच्या बसनं मीच येऊन राहिली. एकटी.

तुमची,
माया